पात्रदोष : ध्रुवित हीलियम आणि काचेची भिंत

कढी पितळेच्या पातेल्यात करायची ती आधी कल्हई पाहून, हा नियम आमच्या घरी कोणाला शिकवावा लागत नसे. बडोद्याच्या आमच्या जुन्या वाड्यासमोर वर्षातून दोनदा कल्हईवाला येऊन बसे. भात्याचा सुस्कारा, नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या पितळेला टेकवलेली कथलाची कांडी, आणि कापसाचा बोळा एकदा फिरला की चांदीसारखे उजळणारे भांड्याचे पोट, हे सारे आम्ही मुले तासन्‌तास पाहत असू. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिले तर ते कळकते. आजी अशा वेळी ताकाला बोल लावीत नसे. भांडे उलटे करून, बोट फिरवून, कथील नेमके कोठे निघाले आहे ते ती शोधी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदार्थविज्ञानातील काही मंडळींना नेमके हेच करावे लागले, आणि त्याला त्यांची चाळीसहून अधिक वर्षे गेली. त्यांच्या भांड्यात ताक नव्हते, हीलियम वायू होता. भांडे पितळेचे नव्हते, काचेचे होते. आणि जे नासत होते ते चवीने कळणारे नव्हते. त्या शोधाचा इतिहास मराठीत कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हीलियम म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम विजयदुर्ग उभा राहतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गाच्या तटावरून हीलियमचा शोध लावला, अशी कथा कोकणात आजही सांगितली जाते. कथा गोड आहे, पण खरी नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता आणि सूर्यवर्णपटातील ती पिवळी रेषा त्याने त्या वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तेथूनच पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होता आणि लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. पटवर्धनांच्या संस्थानातील ही जमखंडी बेळगाव-विजापूरकडील वाचकांना परकी नाही. हर्शेलने तेथून सूर्यज्वालांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा झळाळत्या रेषा पाहिल्याची नोंद केली. लॉकियर विजयदुर्गावर आला हे मात्र खरे; पण ते तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळली, इतकेच. पृथ्वीवर हीलियम सापडला तो १८९५ साली, रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजात.

आपल्याला ज्या हीलियमशी कर्तव्य आहे तो याचाच धाकटा भाऊ. नेहमीच्या हीलियमच्या अणुकेंद्रात दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असतात. या धाकट्याच्या केंद्रात न्यूट्रॉन एकच. त्याला हीलियम-३ म्हणतात. तो स्थिर आहे, किरणोत्सर्गाने नाहीसा होत नाही, हे १९३९ साली बर्कली येथे अल्वारेझ आणि कॉर्नॉग यांनी दाखवले. हवेतल्या हीलियममध्ये त्याचे प्रमाण दहा लाखांत एखाददुसरे, त्यामुळे तो वातावरणातून मिळवण्याची सोय नाही. हायड्रोजन बाँबसाठी साठवलेला ट्रायटियम सुमारे साडेबारा वर्षांत अर्धा होतो आणि त्याचे रूपांतर हीलियम-३ मध्ये होते. जगातील बहुतेक साठा असा अण्वस्त्रांच्या कोठारातून आलेला आहे. शस्त्राच्या या उपपदार्थाचा उपयोग पुढे रुग्णाची फुप्फुसे पाहण्यासाठी व्हावा, हा योग पुढे येईलच.

या अणुकेंद्राला परिवलन आहे, म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ स्पिन म्हणतात ते. आणि परिवलनामुळे प्रत्येक केंद्र हे एक अतिसूक्ष्म चुंबक ठरते. साध्या वायूत हे चुंबक जत्रेतल्या माणसांसारखे चहूकडे तोंडे करून असतात. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले तरी फरक नाममात्र पडतो. एक टेस्लाच्या क्षेत्रात, नेहमीच्या तापमानाला, दहा लाखांत दोन-तीन इतकेच आधिक्य एका दिशेला मिळते. पण काही युक्तीने निम्मे-अर्धे चुंबक एकाच दिशेला वळवता आले, तर तो वायू ‘ध्रुवित’ झाला असे म्हणतात. मग तो पुन्हा विस्कळीत होण्यास जो काळ लागतो त्याला शिथिलनकाळ म्हणावे. एखाद्या वायूला आपली दिशा किती काळ आठवते, याचे ते माप.

हीलियम-३ ची आठवण दीर्घ असायला हवी, असे तर्क सांगत होता. त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने परस्परांना पुरती नाहीशी करतात. अणू गोलाकार आणि अलिप्त. केंद्राला विद्युत्‌क्षेत्राच्या ओढीने वळवावे असा आकार नाही. इलेक्ट्रॉनांच्या या शांत कवचाआड केंद्र जणू सोवळ्यात बसलेले असते. दोन अणू एकमेकांवर आपटले तरी ते सोवळे सहसा मोडत नाही.

१९५० साली पॅरिसमध्ये आल्फ्रेद कास्लर यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अणूंची दिशा वळवण्याची पद्धत सुचवली, जिला पुढे १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा आधार घेऊन १९६० साली प्रिन्स्टन येथे बूशिया, कार्व्हर आणि व्हार्नम यांनी रुबिडियम धातूच्या बाष्पाला प्रकाशाने ध्रुवित केले आणि त्या बाष्पाशी होणाऱ्या टकरींतून ती दिशा हीलियम-३ च्या केंद्रांकडे सोपवली. हाती आले ते अत्यल्प, पण मार्ग खुला झाला. दुसरा मार्ग टेक्सासमध्ये निघाला. कोलग्रोव्ह, शीअरर आणि वॉल्टर्स यांनी विरळ हीलियमात विद्युत्‌विसर्जन चालू ठेवून, अवरक्त प्रकाशाने, धातूच्या मध्यस्थीवाचूनच चाळीस टक्क्यांपर्यंत ध्रुवण साधले. त्यांचा प्रबंध १९६३ चा. मात्र त्यांच्या वायूचा दाब वातावरणाच्या हजारांश-दोन हजारांश एवढाच होता.

आणि येथे भांडे आडवे आले.

ध्रुवित वायू पात्रात ठेवून दिवा बंद केला की ध्रुवण ओसरू लागे. कोठे मिनिटांत, कोठे तासांत; एकाच काचेच्या दोन गोळ्यांत दोन निरनिराळे आकडे. वायूतील अशुद्धी, विशेषतः प्राणवायू, हा एक ज्ञात चोर होता; त्याला हाकलण्याची तंत्रे तयार होती. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसले तर भटकणाऱ्या अणूला ते सतत दिशा बदलताना दिसते आणि तोही विस्कटतो; १९६५ साली गॅम्बलिन व कार्व्हर यांनी आणि शीअरर व वॉल्टर्स यांनी या ऱ्हासाचा हिशेब मांडला. हे दोन्ही वजा केल्यावरही ऱ्हास उरत होता. उरलेला संशयित एकच, आणि तो या सगळ्यांनी रोज हातात धरलेला.

भिंतीचे सामर्थ्य कळण्यासाठी एक लहानसे गणित करून पाहू. नेहमीच्या तापमानाला हीलियम-३ चा अणू सेकंदाला सुमारे चौदाशे मीटर वेगाने धावतो. दहा सेंटीमीटर व्यासाचा काचगोल घेतला, तर प्रत्येक अणू सरासरीने सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा भिंतीला भिडतो. शिथिलनकाळ शंभर तासांचा हवा असेल, तर सातशे-साडेसातशे कोटी वेळा भिंतीला शिवूनही त्या अणूने आपली दिशा विसरू नये, अशी आपली अपेक्षा असते. गोल मोठा केला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी होतो, भेटी कमी होतात आणि आयुष्य वाढते. म्हणून आरंभीच्या काळात मोठे गोल चांगले आणि लहान वाईट, हा अनुभव सर्वांना आला. तो बरोबर होता, पण त्याने भिंत नक्की काय करते याचे उत्तर मिळाले नाही.

ते उत्तर शोधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात झाला. फिट्झसिमन्स, टँकर्स्ली आणि वॉल्टर्स यांचा १९६९ चा प्रबंध या विषयात आजही आरंभबिंदू मानला जातो. त्यांनी केले ते असे की निरनिराळ्या काचांच्या पात्रांचे तापमान बदलत नेले आणि शिथिलनकाळ मोजत राहिले. पात्र थंड करत गेल्यास प्रथम आयुष्य वाढत जाई; पुढे एका मर्यादेनंतर, आणखी थंड केले, की ते उलट घटू लागे. एकाच भिंतीची ही दोन रूपे होती. अतिशीत अवस्थेत अणू काचेच्या पृष्ठभागावर क्षणभर चिकटून राहतो. जितकी थंडी अधिक, तितका चिकटण्याचा काळ अधिक, आणि काचेतील चुंबकीय दोषांच्या सान्निध्यात तितका काळ अधिक जातो. उलट नेहमीच्या तापमानाला चिकटण्याला फारसे महत्त्व नाही. तेथे अणू काचेच्या आत शिरतो.

काचेच्या आत शिरतो, हे वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. काच आपल्याला घट्टपणाची परमावधी वाटते. लोणच्याची बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी ती त्यासाठीच. पण पायरेक्ससारखी काच म्हणजे सिलिका अणूंचे विस्कळीत जाळे. त्या जाळ्यातील भोके पाण्याला, हवेला बंद असली तरी हीलियमसारख्या इवल्या अणूला ती दारे आहेत. अणू आत जातो, भोकाभोकांतून रेंगाळतो, काचेत लपलेल्या लोहासारख्या अशुद्धीच्या शेजारी वेळ काढतो आणि परत येतो तेव्हा दिशा विसरून येतो. ॲल्युमिनोसिलिकेट जातीच्या काचेत ही भोके दुसऱ्या अणूंनी बुजलेली असतात. तेथे हीलियमला शिरकाव कठीण, आणि तेथेच राइसच्या मंडळींना आयुष्य बरेच अधिक मिळाले. कोणते भांडे घ्यावे याचे पहिले सकारण उत्तर हे. माझ्या मते या सबंध कथेतील सर्वांत सुंदर विचार हाच आहे, कारण थंडी आणि उष्णता यांना साक्षीदार करून त्यांनी एकाच गुन्ह्याचे दोन गुन्हेगार वेगळे काढले.

काचेतील अशुद्धी इतकी घातक का, याचे कारण चुंबकांच्या बळात आहे. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व हीलियम-३ च्या केंद्राच्या चुंबकत्वाहून साडेआठशेपटींनी अधिक. काचेत जर एखाद्या लोह-अणूचा जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन असेल, तर त्याच्याजवळून जाणाऱ्या केंद्राला तो एखाद्या कर्ण्यासारखा ऐकू येतो. प्रत्येक भेटीत बहुधा काही घडत नाही. पण भेटी कोट्यवधी आहेत.

मग सुरू झाला कल्हईचा शोध. टोरांटो विद्यापीठात टिम्सिट, डॅनियल्स व मे यांनी १९७१ साली निरनिराळ्या घन पृष्ठभागांवर शिथिलन मोजले, धातूंसह. पॅरिसमध्ये कास्लर-ब्रॉसेल यांच्या परंपरेतील बार्बे, लालो आणि ब्रॉसेल यांनी १९७५ साली अतिशीत पात्राच्या आतल्या बाजूला गोठलेल्या हायड्रोजनचा थर दिला. हीलियमला हायड्रोजनचे आकर्षण काचेपेक्षा फार कमी. अणू चिकटेनासा झाला आणि अतिशीत तापमानालाही आयुष्य कित्येक पटींनी वाढले. प्रयोग देखणा होता, पण कल्हई टिकवण्यासाठी भांडे सदैव द्रव हीलियमच्या थंडीत ठेवावे लागे. घरगुती वापराला हे चालणारे नव्हते.

नेहमीच्या तापमानाला टिकणारी कल्हई दोन दशकांनी मिळाली, आणि तिच्यामागे एक वेगळाच शोध होता. द्रव हीलियम जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागावर पसरतो, ही त्याची ख्याती. १९९१ च्या सुमारास असे दिसून आले की सीझियम या धातूवर तो पसरत नाही. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब राहावा तसा तो अलग राहतो. ज्याला हीलियम इतका परका आहे तो धातू भिंतीला लावला तर अणू भिंतीला चिकटणार नाही आणि आतही शिरणार नाही, हा विचार मग स्वाभाविकच होता. जर्मनीतील मायन्झ आणि पॅरिस येथील हाइल, ओटेन, लेद्युक आदींनी १९९५ साली धातूचा थर दिलेल्या काचपात्रांतील फार दीर्घ शिथिलनकाळ प्रसिद्ध केले; सीझियमच्या थराने आयुष्य शंभर तासांच्या पलीकडे गेले. प्रिन्स्टनच्या मार्गाने जाणाऱ्यांच्या पात्रात तर रुबिडियमचा थेंब आधीपासूनच असे आणि त्याचा पातळ थर भिंतीवर आपोआप बसे. नकळत ते कल्हईच्या भांड्यात स्वयंपाक करीत होते.

भिंत अगदी निर्दोष झाली तर पुढे काय? वायूची स्वतःची मर्यादा किती? प्रिन्स्टनच्या न्यूबरी व सहकाऱ्यांनी १९९३ साली ती निश्चित केली. हीलियमचे अणू एकमेकांवर आपटताना दोन केंद्रांच्या चुंबकत्वाचा जो अत्यल्प परस्परपरिणाम होतो, त्याने एका वातावरणाइतक्या घनतेला ७४४ तासांत ध्रुवण ओसरते. ७४४ तास म्हणजे बरोबर एकतीस दिवस. घनता दसपट केली की हा काळ दहावा हिस्सा होतो. या आकड्याचे महत्त्व असे की आता प्रत्येक पात्राचा दोष अंकांत सांगता येऊ लागला. मोजलेले आयुष्य आणि हे कमाल आयुष्य यांतील तफावत म्हणजे भिंतीच्या माथी मारायचा हिशेब.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. दोन कारणे सांगतो. हीलियम-३ च्या केंद्रात दोन प्रोटॉनांची परिवलने बहुतांशी एकमेकांना खोडतात आणि केंद्राचे परिवलन मुख्यत्वे त्या एकट्या न्यूट्रॉनचे असते. मोकळा न्यूट्रॉन काही मिनिटांतच विघटित होतो, त्याची बाटली भरून ठेवता येत नाही. ध्रुवित हीलियम-३ ही मात्र ध्रुवित न्यूट्रॉनची बाटलीच. १९९२ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकात अशा तीस सेंटीमीटर लांबीच्या काचपात्रावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून न्यूट्रॉनच्या अंतरंगातील परिवलनाची वाटणी मोजण्यात आली. पात्राची टोके मानवी केसाएवढ्या जाडीची, आत नऊ-दहा वातावरणांचा दाब, आणि भिंत ॲल्युमिनोसिलिकेट काचेची, राइसच्या धड्याप्रमाणे. ही पात्रे फुंकणाऱ्या काचकारागिरांची नावे प्रबंधांच्या अखेरीस आभारांत येतात. माझ्या दृष्टीने ती लेखकांच्या यादीत असायला हवी होती.

दुसरे कारण वैद्यकीय. चुंबकीय अनुस्पंदनाने शरीराचे चित्र काढतात ते मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनचे. फुप्फुसात हवा असल्याने तेथे काळोख दिसतो. रुग्णाने ध्रुवित हीलियमचा एक श्वास घेतला तर तो काळोख उजळतो आणि कोणत्या कोपऱ्यात हवा पोचत नाही ते दिसते. १९९६ मध्ये मायन्झ येथे आणि अमेरिकेत माणसांच्या फुप्फुसांची अशी चित्रे निघाली. फुप्फुसातील प्राणवायू ध्रुवण काही सेकंदांतच खाऊन टाकतो, म्हणून एका श्वासात चित्र आटोपावे लागते. पण त्या श्वासापर्यंत वायू जिवंत पोचायला हवा, आणि तो तयार होतो एका शहरात व रुग्ण असतो दुसऱ्या शहरात. मायन्झहून असा वायू समान चुंबकीय क्षेत्राच्या पेटीत, निवडक काचपात्रांत भरून परगावी रवाना होऊ लागला. पात्राचे आयुष्य दहा तासांचे की शंभर तासांचे, हा प्रश्न आता प्रबंधापुरता राहिला नव्हता.

याच काळात एक विचित्र तक्रार अनेक प्रयोगशाळांत ऐकू येत होती. उत्तम ठरलेले पात्र एके दिवशी अकारण बिघडे. काच तीच, वायू तोच, गळती नाही, प्राणवायू नाही; तरी आयुष्य अर्ध्यावर, कधी दशांशावर. २००१ साली युटा विद्यापीठातील जेकब, मॉर्गन व साम आणि सेंट लुइस येथील लीवूड्स यांनी याचे मूळ दाखवून दिले. पात्र काही हजार गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात एकदा नेऊन आणले, एवढेच पुरे होते. त्यानंतर ते नेहमीच्या मंद क्षेत्रात परत ठेवले तरी त्यातील शिथिलन दोनपासून वीसपटींपर्यंत वेगवान झालेले असे. आणि उपायही तितकाच थक्क करणारा निघाला. टेपरेकॉर्डरचे हेड विचुंबकित करतात त्याच तत्त्वाने, हळूहळू मंदावत जाणाऱ्या उलटसुलट क्षेत्रातून पात्र काढले, की ते पूर्ववत होई.

याचा अर्थ काय? सुटा लोह-अणू क्षेत्रातून बाहेर आल्यावर लगेच बेशिस्त होतो. त्याला स्मृती नसते. चुंबकत्व धरून ठेवतो तो लोहचुंबकीय कणांचा समूह. म्हणजे काचेच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी असे सूक्ष्म लोहचुंबकच दडलेले होते, जे मोठ्या चुंबकाच्या सहवासात एका दिशेला वळून बसत आणि तसेच राहत. वायूची स्मृती जात होती ती भिंतीला स्मृती असल्यामुळे! आणि विपरीत असे की ही पात्रे ज्या यंत्रासाठी भरायची, त्या रुग्णालयातील चित्रणयंत्राचे क्षेत्रच पंधरा हजार गाउसचे. यंत्राजवळ पात्र नेणे म्हणजेच त्याला बिघडवणे. मागल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दिलेल्या परस्परविरोधी आकड्यांपैकी किती आकडे पात्रांच्या या अज्ञात पूर्वचरित्रामुळे फिरले असतील, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण काही तरी फिरले असणारच, असे मला वाटते. त्या काळी पात्र कोणत्या चुंबकाशेजारच्या फळीवर ठेवले होते, याची नोंद कोण करणार होता?

मायन्झच्या श्मीडेस्काम्प, हाइल, ओटेन प्रभृतींनी २००६ साली तीन भागांचा विस्तृत प्रबंध लिहून उघड्या आणि थर दिलेल्या काचेचा हिशेब पुरा करण्याचा प्रयत्न केला. काचेतील लोहाचे सुटे आयन किती दोषी, लोहचुंबकीय समूह किती दोषी, हे त्यांनी विलग केले. राइसच्या १९६९ च्या तर्कात ज्याचा संशय होता तो लोह आता प्रत्यक्ष आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. निष्कर्ष व्यवहाराला सरळ लागू पडणारा होता: लोह जितका कमी तितकी काच बरी, आणि पात्र भरण्याआधी विचुंबकित करावे.

दुर्दैव असे की भांडे सुधारले तेव्हा दूध आटले. २००१ नंतर अमेरिकेने सीमेवर व बंदरांत चोरटा किरणोत्सर्गी माल पकडण्यासाठी न्यूट्रॉन-शोधक बसवले आणि ते हीलियम-३ ने भरलेले असत. अण्वस्त्रे घटल्याने ट्रायटियमही घटला होता. २००८-०९ च्या सुमारास टंचाई उघड झाली, किंमत भडकली आणि संशोधकांना वायू तोलून-मापून मिळू लागला. फुप्फुसाच्या चित्रणाने मग झेनॉन-१२९ ची वाट धरली. हवेतून मिळणारा तो वायू डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय वापरासाठी मान्य झाला. हीलियम-३ राहिला तो मुख्यतः न्यूट्रॉनच्या अभ्यासात आणि न्यूट्रॉन-झोतांची गाळणी म्हणून. तेथे पात्राचे आयुष्य शेकडो तासांचे असावे लागते. हॅलोजन दिव्यांसाठी बनवलेली एक ॲल्युमिनोसिलिकेट काच या कामी फार उपयोगी ठरली, हे सांगितले पाहिजे. बाजारातल्या दिव्याची काच प्रयोगशाळेच्या खास काचेवर मात करून गेली.

एक कोडे मात्र शिल्लक आहे. रुबिडियमच्या मार्गाने वायू ध्रुवित करताना पात्र दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. तापवले की धातूचे बाष्प वाढते, आणि त्याच प्रमाणात एक जादा शिथिलन प्रकट होते, जे थंड पात्रात मोजता येत नाही. विस्कॉन्सिनचे बॅबकॉक व वॉकर आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे चेन व जेंटाइल आदींनी २००६ साली ते नीट मोजले. दिवा कितीही प्रखर केला तरी ध्रुवण ऐंशी टक्क्यांच्या आसपास अडते ते या शिथिलनामुळे. ते पात्रागणिक बदलते, म्हणून भिंतीचेच असावे. पण लोह, भोके, चिकटणे यांपैकी कशानेही त्याचा उलगडा होत नाही. त्याला त्यांनी एक्स असे नाव दिले. एकाच नळीतून, एकाच कारागिराच्या हातून, एकाच आठवड्यात तयार झालेल्या दोन पात्रांत एक्स निराळा निघतो, आणि प्रयोगशाळा अनेक पात्रे फुंकवून, तपासून, त्यांतले चांगले ठेवून देतात. जेंटाइल, नाशेर, साम आणि वॉकर या चौघांनी २०१७ साली या सबंध विद्येचा सविस्तर आढावा लिहिला, तेव्हाही एक्स या अक्षराच्या जागी त्यांना दुसरा शब्द घालता आला नाही.